गाडीच्या पोटातला सांधा

गेरचा दांडा एकदम ढिला पडला. तुटून हातात आला असता त समजलं असतं, पन तो तसाच उभा होता, आन पोरीच्या बाबानं हलवला त वरनाच्या गंजात पळी फिरावी तसा इकडून तिकडे फिरून राहिला. कुठंच अडकत नव्हता. इंजन चालू. गाडी पुढे जाईच ना. चढाव होता. एक घडी गाडी जागच्या जागी थांबली आन मंग मागे सरकाले लागली.

"अवो! अवो, मागे चालली!"

"ब्रेकवरच पाय हाय न माहा! उतर! दगड लाव चाकाले!"

पोरगी माह्या मांडीवर, शालीत गुंडाळलेली. तिचं आंग असं तपून राहिलं होतं का शालीतून माही मांडी पोळत होती. मी दाराची मूठ फिरवली, ते घाईत कधीच उघडत नाई, मंग खांदा मारला तवा उघडलं. एक चप्पल आत राहिली. पोरीले छातीशी धरून मी रस्त्याच्या कडेचा धोंडा पायानंच लोटत लोटत आनला आन मागच्या चाकाखाली सारला. गाडी त्याच्यावर टेकली आन थांबली. माह्या पायाचं नख उखडलं होतं, ते मले दवाखान्यात गेल्यावर दिसलं.

धुकं असं होतं का रस्ता दोन्हीकडून पुसून टाकल्यासारखा. मागे नवेगाव बांधचा तलाव, तो पन दिसत नव्हता, फक्त पानकोंबड्यायचा आवाज येत होता. दोन्ही बाजूनं जंगल. मोबाईलले रेंज नाई. त्या पट्ट्यात नसतेच.

गाडी बिघडली त बिघडली, येवढं काय, असं कोनाले वाटन. मनून पोरीचं सांगाव लागते. तिले सिकलसेल हाय. आमच्या भागात घरोघरी हाय ते, रक्ताचं दुखनं. तिच्या रक्तातले कन विळ्यासारखे वाकडे होतात आन नसेत अडकतात, असं डाक्टर मॅडमनं मले कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. दोन गोष्टी त्यायनं मले घोकून घेतल्या, जशा शाळेत पाढे घोकत होतो तशा. एक, ताप आला का घरी वाट पाहाची नाई, उठवाचं आन आनाचं. दुसरी, थंडी लागू द्याची नाई, थंडी लागली का दुखनं उठते.

मागच्या हिवाळ्यात आमी तिले फटफटीवर नेलं होतं. ताप थोडासाच होता. पन वाटेतल्या हवेनं तिचे हातपाय असे सुजले का बोटं दिसत नव्हती, आन ती रडत नव्हती, रडाची ताकतच नव्हती, नुसती कन्हत होती. बरी झाली. पन ते कन्हनं आमच्या दोघाच्याही कानातून गेलं नाई.

तवा यायच्या डोक्यात गाडी आली. हे वेल्डिंगच्या दुकानात काम करतात. इकत घेनं आपल्या हातात नाई त करनं त हाय, असं मनले आन लागले. आंगनात आधी चाकं आली. मंग आमगाववरून टेम्पोत कोनाच्या तरी जुन्या कारचं इंजन आलं, काळंकुट्ट, तेल गळून राहिलेलं. समोर जागा पुरत नव्हती मनून यायनं इंजन मागे बसवलं. दारं माह्या लग्नात आलेल्या लोखंडी कपाटाची. त्यातल्या एका दाराले आरसा होता, तो काढता काढता फुटन मनून तसाच ठेवला, बाहेरच्या बाजूनं. माह्या बाजूचं दार ते. गावातले पोट्टे त्यात पाहून भांग पाडतात. एक काकू रोज विचारे, "काऊन वो, आज कपाट कुठे चाललं फिराले?" एकजन मने, "याले पासिंग देतीन का कडीकुलूप?"

हे आपलं काम करत राहिले. मी पन हासत होती. पन ज्या दिवशी ते पहिल्यांदा आंगनातून बाहेर निघालं, धूर सोडत, आमच्या कपाटाची दारं खडखड करत, त्या दिवशी माह्या आंगावर काटा आला. काल जे भंगार होतं ते चालून राहिलं होतं! मानसाच्या हातून असं होते? मी आठवीत शाळा सोडली, मशीन मनजे मले शिलाई मशीनच माहीत. मी चाकाले हळद-कुकू लावलं.

त आता ते कपाट धुक्यात उभं होतं, आन आरशात मी दिसत होती, एका पायात चप्पल, कडेवर पोरगी, मागे जंगल.

"काय तुटलं?"

"सांधा असन." यायनं मले घाईघाईत सांगतलं. इंजन मागे हाय त गेरचा दांडा पुढे. दोघाच्या मधात सीटखालून एक लंबी सळाक जाते. ते सळाक जिथं मागच्या गेरबाक्साले मिळते तिथं एक सांधा हाय, दोन लोखंडी वाट्या, मधात रबर, आन आरपार एक बोल्ट. हातानं दांडा हलवला का त्या सांध्यातून मागे समजते. सांधा गेला का काईच समजत नाई. "मी वरडून राहिलो आन त्याले आयकूच जात नाई, तसं झालं हाय."

"मंग?"

"दुसरा हाय न. मी दोन केले होते. एक तुटनच, मले माहीत होतं."

मले तवा येवढं हायसं वाटलं. पोरीले समोरच्या सीटवर ठेवलं, दार लावलं. हे मागची सीट काढाले गेले आन तिथंच थांबले.

"हे कोनं कोंबलं?"

सीटखाली तनस होतं. धानाचं. ठासून भरलेलं.

"कोनं मनजे? तुमच्या मायनं!"

आमच्याकडे लेकुरवाळीले बंडीत बसवलं का खाली तनस टाकतात, वर वाकळ अंथरतात. ऊब धरते, हिसके लागत नाईत. मी बाळंतपनाहून आली तवा माह्या भावानं बंडीत गुडघाभर तनस टाकलं होतं. सासूनं सकाळी पोरीचं आंग पाहिलं, मी कपडे घालून राहिली तोपर्यंत तिनं तनसाच्या पुंजन्यावरून पेंढी आनली आन सीटखाली भरली. तिच्या लेखी तेही बंडीच. मले तेव्हा बरंच वाटलं होतं.

"अरे बंडी हाय का हे? बैल हाय का मी?" यायचा आवाज फाटला. "हे पाय, हे पाय न!"

सीटखाली भाकरीयेवढं झाकन हाय, सांध्यापर्यंत जाची तेवढीच वाट. त्या झाकनाच्या फटीतून तनस आत गेलं होतं. सळाक फिरता फिरता त्याचा पीळ बसला, दोरी वळावी तसा, सांध्याच्या भोवती. मनून गेर जड येत होता. मनून यायनं चढावावर जोर लावला. मनून तुटलं.

झाकन काढून यायनं हात घातला. मनगटाच्या पुढे जाईना. पोरीच्या सीटले जोर भेटाव मनून त्यायनं वरून एक लोखंडी पट्टी मारली होती, ते आडवी आली. हे गाडीखाली गेले. खालून पत्रा ठोकला होता, रिबिट मारून, कायले त जमिनीची हवा पोरीले लागू नये. ते तिथं उघडेना. धुरळ्यात लोळून बाहेर निघाले आन आपल्याच गाडीकडे असं पाहून राहिले का मले त्यायची कीव आली. पोरीसाठी मनून जे जे केलं होतं, तेच सारं आडवं येऊन उभं राहिलं होतं.

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला आन मागून एक दिवा. एक म्हातारा मानूस, फटफटीले दोन्हीकडे मासोळ्यायचे डबे, कानटोपी, आंगावर घोंगडं. तलावावरून निघाला होता. गाडी पाहून थांबला.

"काय वो भाऊ, हे कपाट रस्त्यात कोनं आनून ठेवलं?"

मंग त्याले माहं तोंड दिसलं. त्यानं समोरच्या काचेतून पोरीले पाहिलं, दार उघडून कपाळ पाहिलं आन मस्करी बंद केली.

"बस माय मागे. डबे उतरवतो. अर्ध्या घंट्यात दवाखान्यात टाकतो."

हे लगेच मनले, "जा. जा तू, पोरीले घेऊन जा. मी येतो मागून."

मी दारापर्यंत गेली. पोरीची शाल सरकवून तिची बोटं पाहिली. पातळ होती. सुजली नव्हती अजून. नखं गुलाबी. मी बाहेर तोंड केलं त धुकं नाकात सुईसारखं गेलं, आन हे त उभ्या जागी, फटफटी चालाले लागल्यावर काय हवा लागन!

"नाई जात," मी मनली.

"येडी झाली का? ताप हाय तिले!"

"आन हवा? मागच्या साली काय झालं, इसरले?"

"घोंगडं घे माहं," म्हातारा मनला. "दोघी गुंडाळून बसा."

"मागच्या साली तीन शाली होत्या काकाजी."

"मंग मी पुढे जातो, रेंज लागली का गाडी बोलावतो दवाखान्याची. पन ते तिकडून यीन, मंग परत जाईन. तुहं तू पाय."

यायनं मनगट पुसलं. फटफटी सुरूच होती, फट फट फट, आन माह्या डोक्यात तेच. मी यायचा हात पाहिला, जाड, भाजल्याचे डाग पडलेला, मनगटाले पट्टीचं खरचटलेलं. मंग मी माहा हात पाहिला.

"माहा जाईन," मी मनली.

"काय?"

"हात. माहा हात जाईन त्यात. तुमी सांगा, मी करतो."

यायनं माह्याकडे पाहिलं, मंग झाकनाकडे. "सळाक धराले मले समोर दांड्यावर बसाव लागन. पोरीले कोन धरन?"

आमी दोघंही म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो थांबला त फोन लावाले कोनी जानार नाई, हे त्यालेही समजलं, आमालेही समजलं. मीच मनली, "काकाजी, थांबता का? पोरीले घेऊन गाडीत बसा. दार लावून."

त्यानं एक घडी रस्त्याकडे पाहिलं. मंग फटफटी बंद केली. बंद झाली तवा जंगल येवढं शांत झालं का मले वाटलं, हे काय करून बसली मी!

म्हातारा घोंगड्यासकट समोर बसला, पोरीले आत घेतलं. "मासोळीचा वास यीन माय तुह्या पोरीले."

"येऊ द्या."

मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, रुमालानं करकचून बांधल्या आन मागच्या जागेत पालथी पडली. हात आत घातला. पट्टीखालून गेला.

आत ऊब होती. हे मले कोनी सांगतलं नव्हतं. बाहेर हात गारठून राहिले होते आन आत, अंधारात, गाईच्या पोटाखाली हात घालावा तशी ऊब, तेलाचा वास, आन काईतरी बारीक टिकटिक करून राहिलेलं, थंड होत चाललेलं इंजन. मी पहिले तनस उपसलं. मूठ मूठ. ते गरम होतं, कुठं काळं पडलेलं. पीळ बोटानं उकलला. मंग बोटाले वाटी लागली, फुटलेली, आन रबराचा लोंबता तुकडा.

"भेटला! फुटला हाय!"

"बोल्ट पाय. पाना लाव. उलटा फिरव."

"उलटा कोनता? मीच उलटी पडली हाव न!"

समोरून म्हातारा फसकन हासला. "डावीकडे, माय. तुह्या डाव्या खांद्याच्या बाजूनं."

निघाला. जुना सांधा दोन तुकडे होऊन माह्या हातात आला. येवढासा! बेलफळायेवढा. याच्यावर येवढी गाडी चालत होती? यायनं नवा देल्ला, त्याचं रबर कोरं, कडक. मी तो आत नेला, एक तोंड गेरबाक्साच्या दांडीवर बसवलं. आता दुसऱ्या तोंडात सळाक आली पाहिजे आन दोघाची भोकं एका सरळीत आली पाहिजे, तरच बोल्ट आरपार जाते.

"हालवा," मी वरडली.

आन अंधारात ते सळाक हालली. माह्या बोटाले तिनं टोचलं. हे तिकडे समोर बसून होते, मले दिसत नव्हते, त्यायले मी दिसत नव्हती, आन त्यायचा हात येवढ्या लोखंडातून येऊन माह्या बोटाले लागला. खोटं नाई सांगत. लग्नाले तीन सालं झाली होती, पन मले कधी असं वाटलं नव्हतं. त्या दांड्याची बारीकशी थरथर मले समजत होती, आन मले समजलं का हे भेलेले हायत. तोंडानं वरडून राहिले होते, पन हात कापून राहिला होता.

"हळू," मी मनली, आता वरडली नाई. "जरा तुमच्याकडे घ्या. आता फिरवा. थोडं. अजून थोडं. बस! हालू नका."

भोक बोटानं चाचपलं. सरळ. बोल्ट घातला, गेला. नट लावाले गेली आन सुटला.

"काय पडलं? काय पडलं?"

खाली पत्रा, पत्र्याच्या कडेले फटी, तिथून गेला त रस्त्यावर, आन रस्त्यावर गवत. मी बोटं आंधळ्यासारखी खाली फिरवली. थोडं तनस उरलं होतं, सारं उपसलं नव्हतं मी. त्याच्यात होता. घरट्यात अंडं असते तसा, वर बसलेला.

लावला. पान्यानं आवळला, पट्टीले हात खरचटेपर्यंत आवळला. तेवढ्यात पोरगी कन्हली. एकदाच. म्हातारा तिले काईतरी गुनगुनून राहिला होता.

"बोटं पाहा काकाजी! सुजली का?"

"नाई माय. गरम हायत. तू आवळ."

"झालं," मी मनली. "टाका गेर."

मी हात काढला नाई. मले पाहाचं होतं. यायनं क्लच दाबला, दांडा ओढला, आन माह्या तळव्याखाली ते सळाक फिरली, सांधा फिरला, आन आत कुठंतरी खोल, लोखंडाले लोखंड भेटलं. खट्ट. येवढाच आवाज. मले देवळात घंटा वाजल्यावर छातीत होते तसं झालं.

हात काढला त कोपरापर्यंत काळा. मी तशीच पोरीले घेतलं. सीट लावलीच नाई, काकाजीनं घोंगडं देऊन टाकलं, ते अंथरून मी खालीच बसली. म्हातारा मागून फटफटीवर आला, दवाखान्यापर्यंत, डबे खडखडत. त्याच्या मासोळ्या त्या दिवशी कोनी घेतल्या का नाई, मले माहीत नाई.

पोरीले भरती केलं. सलाईन, औषध. डाक्टर मॅडमनं पहिले बोटं पाहिली, मंग माहे काळे हात पाहिले. मनल्या, "वेळ का लागला?" मी सांगतलं. त्यायनं आयकून घेतलं. बरं केलं असं पन मनल्या नाई, वाईट केलं असं पन मनल्या नाई. मनल्या, "ताप वाढला असता रस्त्यात, तर?" आन मंग पोरीचे पाय दाबून पाहून मनल्या, "सूज नाही मात्र."

पोरगी घरी आली. आता ती आंगनात त्या आरशात आपलं तोंड पाहून हासते. झाकन मोठं कापलं, पट्टी सरकवली. सासू अजूनही तनस टाकते, पन आता पोत्यात भरून, तोंड शिवून. तुटलेला सांधा मी भिंतीतल्या देवळीत ठेवला हाय. कधी कधी हातात घेऊन पाहातो.

पन गावात जे आयकते ते आपलं आपलं बोलते. काकू मनते, "मासोळीवाला देवासारखा आला होता, आन तू त्याले लेकरू धराले बसवलं?" माही बहीन मनते, बरं केलं, हवेनं मेली असती. हे एकदाच मनले, "तू गेली असती त मी रोखलं नसतं," आन मंग तोंड फिरवलं.

आन मले अजून हिवाळ्यात सकाळी फटफटीचा आवाज आला का हातातलं काम सुटते. धुकं. पोरगी तपून राहिलेली, बोटं अजून पातळ. एका बाजूनं म्हातारा, गाडी चालू ठेवून, मागची जागा रिकामी. दुसऱ्या बाजूनं भाकरीयेवढं एक भोक, आत अंधार, आन माहा हात, ज्यानं तोपर्यंत एक नट पन फिरवला नव्हता. जमलं मनून मी हे सांगून राहिली. नसतं जमलं त?

तुमी असते तिथं, तुमचं लेकरू असतं, त तुमी काय केलं असतं?